तळं तीन हजारांचं, खर्च साडेबावीस

मी दिवसभर हिशोबच करते. अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे, लोकांची प्रवासाची बिलं, पेटी कॅश, व्हाउचर, कुणी रिक्षाचे ४० रुपये जास्त लावले तरी माझ्या नजरेतून सुटत नाही. आणि त्याच मी घराच्या मागच्या जागेत एक छोटं तळं करायचं म्हणून १५ हजारांचं बजेट काढलं आणि खर्च झाला २२,५००. बरोब्बर दीडपट. ऑफिसात कुणी असं बजेट आणून दाखवलं असतं तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. नवरा अजून चहा पिताना विचारतो, "दीडपट म्हणजे किती टक्के व्हेरिअन्स गं?"

पहिलं बजेट कालनिर्णयच्या फेब्रुवारीच्या पानामागे लिहिलं होतं, ते पान मी जपून ठेवलंय. खोदाई २,०००, तळ्यात अंथरायचा कागद ३,०००, पंप १,५००, दगड-वाळू ३,०००, झाडं १,५००, मासे ५००, किरकोळ ३,५००. बेरीज १५ हजार. दिसायला किती छान! यातला "किरकोळ" हा शब्द लिहिताना मला लाज वाटायला हवी होती, कारण माणसाला जे सुचलेलं नसतं ते सगळं तो किरकोळमध्ये ढकलतो.

आमचं रो हाऊस पाथर्डी फाट्याकडे आहे, मागे १८ बाय १४ फूट मोकळी जागा. एक पारिजातक, कपडे वाळत घालायची दोरी, आणि भांडी घासायच्या मोरीचं पाणी जिथे जातं तिथे अळू. बाकी नुसती काळी माती, उन्हाळ्यात तळहात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात चप्पल अडकेल एवढा चिखल. लेकीने कुठेतरी व्हिडिओ बघितला, वॉटर लिली, त्यात बेडूक, आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

आधी एका गार्डनवाल्याला बोलावलं. त्याने पाच मिनिटांत जागा बघितली, मोबाईलवर तीन फोटो दाखवले आणि ८५ हजार सांगितले. आरसीसी, धबधबा, कोई मासे, लाईट. मी म्हटलं धबधबा काढा, तर ७८. म्हणजे धबधबा सात हजारांचा आणि बाकी ७८ हजार कशाचे हे त्यालाही सांगता येईना. मग ओळखीच्या मिस्त्रींना विचारलं, ते म्हणाले विटांचा हौद बांधू, आतून प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, २८ हजारांत होईल. हे जरा आटोक्यातलं वाटलं, पण आमच्या शेजारच्यांची जमिनीखालची पाण्याची टाकी याच काळ्या मातीने दोनदा फोडली आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते, दर वर्षी, न चुकता, आणि त्यात ठेवलेल्या विटा-सिमेंटच्या हौदाला कधी ना कधी तडा जातोच. शिवाय नवीन सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, तो माशांना चालत नाही, म्हणून आठवडेच्या आठवडे पाणी भरा, ओता, भरा, ओता. नाशिकमध्ये एप्रिलमध्ये? सोसायटीच्या लोकांनी मलाच हौदात बुडवलं असतं.

तयार फायबरचा टबही बघून आलो, ५०० लिटरचा, ९ हजार. दिसायला थेट मोठा बाथटब. लेक म्हणाली यात बेडूक येणार नाही. विषय संपला.

उत्तर शेवटी मामाकडे मिळालं. मामाची दिंडोरीकडे द्राक्षं आहेत आणि आमच्या जिल्ह्यात द्राक्षबाग म्हटली की शेततळं आलंच. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हा मामाने खोदलं होतं, सरकारकडून जास्तीत जास्त ५० हजार मिळायचे, बाकीचे आपले. त्याला फोन केला तर आधी पोट धरून हसला. "तुझं किती बाय किती?" म्हटलं आठ बाय सहा. "मीटर?" म्हटलं फूट. "अगं बाई, आमच्याकडे म्हशी याच्यापेक्षा मोठ्या डबक्यात बसतात." पण मग स्वतःच म्हणाला, शेततळ्याचा कागद टाक, ५०० मायक्रॉनचा, आयएसआय मार्कचा बघ, आणि नवीन रोल घेऊ नको, कागद टाकणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे कापलेले तुकडे पडलेले असतात, तुझ्यासारखीला तेच पुरतील.

कागद म्हणजे कागद नाही हां. शहरातल्या लोकांसाठी सांगते, शेततळ्यात जे काळं जाड प्लॅस्टिक अंथरतात त्याला आमच्याकडे सगळे कागदच म्हणतात. ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर. तळ्यांसाठी रबराचंही मिळतं, ईपीडीएम म्हणतात, फार मऊ आणि छान बसतं, पण मला चौरस फुटाला ७५ रुपये भाव सांगितला, तर कागदाचे तुकडे ९ रुपये चौरस फूट. या ९ आणि ७५ च्या फरकात काय लपलंय ते पुढे कळलं.

आता माझी खरी चूक. मी माप काढलं ते असं: तळं आठ बाय सहा, चारही बाजूंनी फूटभर जास्त, म्हणजे दहा बाय आठ, ८० चौरस फूट. चिठ्ठी घेऊन त्या कॉन्ट्रॅक्टरकडे गेले. त्या भाऊंनी चिठ्ठी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, खोली?"

म्हटलं दोन फूट.

"मग कागद खाली उतरणार की हवेत तरंगणार?"

मी बी.कॉम. आहे. कागद एका बाजूने दोन फूट खाली उतरतो, तळावर जातो, दुसऱ्या बाजूने परत दोन फूट वर चढतो, हे साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तर लांबी अधिक दुप्पट खोली अधिक दोन्हीकडचा फूट-फूट काठ. आठ अधिक चार अधिक दोन, चौदा. सहा अधिक चार अधिक दोन, बारा. १४ बाय १२, १६८ चौरस फूट. माझ्या मापाच्या दुपटीहून जास्त. हे एक लक्षात ठेवा की बजेट लांबी-रुंदीवर ठरत नाही, खोलीवर ठरतं. नवऱ्याला कोई पाळायचे होते म्हणून तो तीन फुटांवर अडून बसला होता, मी त्याला तिथेच उभं राहून गणित घातलं, एक फूट खोली वाढली की कागद १६ बाय १४, म्हणजे २२४ फूट, एक तृतीयांश जास्त, पाणी पावणेसातशे लिटर जास्त, पंप मोठा, खोदाई जास्त. आणि कोई मोठा झाला की हातभर होतो, त्याला हे तळं म्हणजे लोकलचा डबा. गप्प बसला.

भाऊंकडे १५ बाय १३ चा एकसंध तुकडा होता, १९५ फूट, १,७५५ होत होते, १,७५० घेतले. तुकडा अखंड असला की चिकटवायची भानगड नाही, नाहीतर ते मशीनने गरम करून जोड मारतात आणि एवढ्याशा कामाला मशीन घेऊन कोण येतंय. बजेटमध्ये ३,००० धरले होते, इथे चक्क वाचले. मी इतकी खूष झाले की वाटेत सगळ्यांना मिसळ खाऊ घातली, ती हिशोबात धरलेली नाही.

खोदायच्या आधी एक काम मात्र चांगलं केलं. फक्कीने जमिनीवर आकार आखून आठवडाभर तसाच ठेवला. त्यामुळे कळलं की आम्ही ठरवलेल्या जागेवर दुपारी दोननंतर घराची सावली येते, आणि लिलीला रोज पाच-सहा तास ऊन नसेल तर ती नुसती पानं देते, फुलं नाही. दुसरं म्हणजे चेंबरचं पाईप बरोब्बर मधून जात होतं. आकार तीन फूट पुढे सरकवला. फक्कीचा खर्च शून्य, घरात गणपतीतली उरली होती.

मजूर नाक्यावरून दोघं जण आणले, ८०० रुपये रोज. माझा अंदाज एक दिवसाचा होता. पहिला दीड फूट काळी माती, फावड्याने लोण्यासारखी निघाली, दुपारी जेवणापर्यंत निम्मं काम झालेलं, आणि मग टण्‌ असा आवाज आला. मुरूम. तिथून पुढे पहार आणि टिकाव, अर्धा फूट उतरायला सव्वा दिवस. दोन माणसं, दोन दिवस, ३,२००. सासूबाईंनी सकाळी खड्ड्याला नारळ फोडला होता, त्यातला जास्तीचा तुकडा त्या दोघांना दिला आणि म्हणाल्या, "मुरूम लागला म्हणजे शुभ असतं." कशावरून ते नाही सांगितलं.

खड्डा असा केला: कडेने फूटभर रुंदीची पायरी, ती नऊ इंच खोल, झाडांच्या कुंड्या ठेवायला, आणि मधला भाग सहा बाय चार, पूर्ण दोन फूट. घनफुटात ३६ अधिक ३०, म्हणजे ६६. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं, ते १,८६८ लिटर झालं, कोपरे गोल केले म्हणून आपण १,८०० धरू. हा आकडा आधी काढून ठेवा, पंपापासून माशांपर्यंत सगळं यावरच ठरतं.

आणि मग ती माती. ६६ घनफुटांचा खड्डा, पण माती सुटली की फुगते, सव्वापट होते, म्हणजे ८० च्या वर घनफूट ढीग माझ्या तुळशीसमोर. जवळजवळ एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट! कुठे टाकणार? माझ्या बजेटात खड्डा होता, पण खड्ड्यातून निघालेलं काहीच नव्हतं. निम्मी माती पारिजातकाच्या बाजूला वाफा करून जिरवली, उरलेल्याला छोटा हत्ती, म्हणजे मालाची छोटी गाडी, करावी लागली, ९०० रुपये. तो ड्रायव्हर म्हणाला, वहिनी, आठवडाआधी सांगितलं असतं तर कुणीतरी भरावाला फुकट नेली असती. सगळे मला नंतरच सांगतात.

मुरमाचे टोकदार खडे वर आलेले होते, त्यावर थेट कागद टाकला तर पाण्याच्या वजनाने भोकं पडणार, १,८०० लिटर म्हणजे १,८०० किलो, पावणेदोन टनांच्या वर. वाळूची सहा पोती आणली, ४२० रुपये, तळाला आणि पायरीवर इंचभर थर. उभ्या बाजूंना वाळू टिकत नाही, तिथे सासूबाईंनी जुन्या गोधड्या काढल्या होत्या पण सुती कापड मातीत कुजतं. तर गल्लीतल्या मंडळाच्या पोरांनी जुने फ्लेक्स आणून दिले, फुकट, पाहिजे तेवढे. त्यामुळे आमच्या तळ्याखाली आज एक मोठे साहेब हात जोडून झोपलेले आहेत, आजूबाजूला वीस कार्यकर्त्यांचे फोटो, आणि वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. नवऱ्याने विचारलं तोंड वर ठेवायचं की खाली. खाली ठेवलं.

कागद अंथरायचा दिवस मी विसरणार नाही. तो ९ आणि ७५ मधला फरक इथे वसूल झाला. कागद कडक असतो हो, शेततळ्याच्या लांबच लांब उतारावर झकास बसतो, पण आठ फुटी खड्ड्याच्या कोपऱ्यात त्याला दुमडणं म्हणजे पापडाची घडी घालण्यासारखं. सकाळी आठला सुरुवात केली, काही केल्या वळेना, एका कोपऱ्यात दाबला की दुसऱ्या कोपऱ्यात उठतो. शेवटी मामाला व्हिडिओ कॉल. तो म्हणाला, येडे, थंड कागद कधी वळतो का, त्याला उन्हात तापू दे. तसाच पसरून ठेवला आणि साडेबारा-एकला, एप्रिलच्या उन्हात, डोक्यावर ओली टॉवेलं घेऊन आम्ही तिघं अनवाणी आत उतरलो. चप्पल-बूट चालत नाहीत, खडा रुतला की भोक. आणि अनवाणी तापलेल्या काळ्या प्लॅस्टिकवर! लेक पायमोजे घालून आली, मग आम्हीही. पण कागद खरंच मऊ पडला होता. प्रत्येक कोपऱ्यात एकच मोठी चुणी घ्यायची, साडीच्या निरीसारखी, बारीक बारीक दहा घेतल्या तर त्यात घाण अडकते. ती निरी मात्र मला जमली, नवऱ्याला नाही.

पाणी तीन सकाळी मिळून भरलं, नळाला जेवढा वेळ येतं तेवढंच. सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी लगेच टाकलं, "टंचाईच्या दिवसांत काही लोक स्विमिंग पूल भरत आहेत." मी काही बोलले नाही, पण ते काका रोज पाईप लावून गाडी धुतात एवढं इथे लिहून ठेवते. पाणी पूर्ण भरेपर्यंत कागदाच्या कडा कापायच्या नाहीत, पाणी जसं चढतं तसा कागद आत ओढला जातो. माझ्या कडा अर्धा अर्धा फूट आत गेल्या. आधी कापल्या असत्या तर १,७५० पाण्यात, म्हणजे पाण्याच्या बाहेर.

भरल्यावर दिसलं की तळं तिरकं आहे. पाणी कधी तिरकं नसतं, तळंच तिरकं. पारिजातकाकडच्या बाजूला पाणी काठाला टेकलेलं आणि समोरच्या बाजूला अडीच इंच काळा कागद उघडा, टकलावर टोपी सरकल्यासारखा. डोळ्याने जमीन सपाट वाटत होती ना! मिस्त्री लोक ती पारदर्शक नळी वापरतात, पाणी भरलेली, दोन टोकं दोन जागी धरली की लेव्हल कळते, ती हार्डवेअरच्या दुकानात शंभरेक रुपयांना मिळते आणि आम्ही ती वापरली नव्हती. मग काठ बांधताना एका बाजूला उचलून घ्यावं लागलं. काठाला घडीव दगड लावायचा होता, त्याचा भाव आला २५० रुपये फूट, आणि काठाची लांबी २८ फूट, म्हणजे नुसत्या काठाचे सात हजार. नाही म्हटलं. फरशीच्या दुकानामागे शहाबादीचे तुटके तुकडे पडलेले असतात, ते १,२०० ला उचलले, मिस्त्री एक दिवस १,१००, हाताखाली बाई ७००, सिमेंट-खडी ८००. एकूण ३,८००. काठ जमिनीपेक्षा तीन बोटं वर घेतला, नाहीतर पावसात अख्ख्या परसाचा चिखल आत आला असता. आणि फरशीचा तुकडा पाण्यावर इंचभर पुढे काढला, त्याने कागदावर ऊन पडत नाही. मामा म्हणतो शेततळ्यात कागद पहिला फाटतो तो नेहमी पाण्याच्या वरचा, उन्हात भाजलेला.

पंपाचं सांगते, कारण यात बरेच जण फसतात. पहिला ६५० रुपयांचा घेतला, डब्यावर लिहिलेलं ताशी ६०० लिटर. मला वाटलं भरपूर. पाणी उचलून अडीच फूट वर ठेवलेल्या बादलीत टाकायचं होतं, ती बादली म्हणजे आमचा घरगुती फिल्टर, रंगाच्या २० लिटरच्या बादलीत स्पंज, प्लॅस्टिकच्या घासण्या आणि विटांचे तुकडे, सगळं मिळून ४५०. पंप चालू केला तर बादलीत धार नाही, लहान मुलाच्या सर्दीसारखं टप टप. डबा परत वाचला तर बारीक अक्षरात हेड ०.८ मीटर. हेड म्हणजे तो पंप पाणी जास्तीत जास्त किती उंच चढवू शकतो, आणि त्या उंचीला पोचेपर्यंत धार शून्य होते. अडीच फूट म्हणजे पाऊण मीटर. म्हणजे मी पंपाला त्याच्या कुवतीच्या अगदी टोकाला नेऊन उभं केलं होतं. ते ताशी ६०० लिटर फक्त उंची शून्य असताना. दुसरा घेतला १,९०० चा, हेड दोन मीटर, ताशी १,८०० लिटर लिहिलेला, ३५ वॅट. तळ्यातलं सगळं पाणी दीड-दोन तासांत एकदा फिरायला हवं असं धरतात, उंची वजा जाता तेवढं होतं. पहिला पंप आता कूलरमध्ये आहे.

वीज. वीज हा शब्द माझ्या पहिल्या बजेटात नव्हताच! डोक्यात होतं की पंप आणायचा आणि प्लग लावायचा. कुठे लावायचा? पंपाची वायर जेमतेम दीड मीटर, आणि जवळचा बोर्ड स्वयंपाकघरात, अकरा मीटर लांब. नवरा म्हणाला एक्स्टेंशन टाकू. मी घाबरट आहे आणि यात मला घाबरटपणाचा अभिमान आहे. पाण्यात हात घालणारी लेक आणि पावसात भिजणारं एक्स्टेंशन, छे. वायरमन आला, त्याने आधी अर्थिंग तपासलं, मग पाईपमधून तीन कोअर केबल, भिंतीवर पावसात चालणारा झाकणाचा बॉक्स, आणि त्यात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. करंट कुठे थोडा जरी गळला तरी तो एका क्षणात बंद पाडतो. सगळं मिळून ३,८००, काठाएवढंच. हे सगळ्या खर्चात मला सर्वात जास्त टोचलं आणि पुन्हा तळं केलं तर हेच मी सर्वात आधी करेन. वायरमन जाताना म्हणाला, "वहिनी, पाण्यात हात घालायच्या आधी तरीही स्विच बंद करायचाच हां."

जाळीसुद्धा बजेटात नव्हती. शेजारच्यांचा नातू अडीच वर्षांचा, दिवसातून दहा वेळा आमच्याकडे. मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या वर येणारं पाणी, पण एवढ्या लेकराला ते पुरतं. पाणी भरलं त्या संध्याकाळी तो काठावर उकिडवा बसून आत वाकून "मासा, मासा" करत होता, मासे तर आणलेही नव्हते, आणि माझ्या पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले. तो किलोवर भाव सांगतो, दोन पल्ल्यांची जाळी, मधे बिजागरी, २७ किलो, ११५ ने ३,१०५, पाच रुपये सोडले. तळ्याची शोभा गेली असं नवरा म्हणाला. गेली तर गेली. लिलीची पानं आता जाळीतून वर येतात, बरं दिसतं.

झाडांवर मात्र जवळजवळ काहीच गेलं नाही. एक लिली ३५० ची, दोन टब २४०. बाकी अळू मोरीकडचाच उचलून पायरीवर ठेवला, कर्दळ माहेरून, वेखंड मैत्रिणीकडून. लिलीला नर्सरीतली खतमाती घालू नका, पाणी लगेच हिरवं होतं, आपली खड्ड्यातली काळी मातीच टबात दाबून भरायची आणि वर खडी. लेक नर्सरीतून २० रुपयांची पाणवेल, म्हणजे जलपर्णी, घेऊन आली होती, जांभळं फूल बघून, मी ती तिथल्या तिथे परत केली. गोदावरीवर तिचा हिरवा गालिचा बघितलेल्या माणसाने ती घरात आणू नये.

पाणी तरीही हिरवं झालंच. तिसऱ्या आठवड्यात मटकीचं पाणी परवडलं असतं. मी औषध आणायला निघाले होते, मामा म्हणाला काही करू नको. काही केलं नाही. लिलीची पानं पसरली, पाण्यावर सावली आली, दीड महिन्यात तळ दिसायला लागला.

गप्पी मासे महापालिकेच्या मलेरिया विभागातून फुकट मिळाले, पिशवीभर. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातही अंडी घालतो, त्यामुळे मासे नसतील तर तळं भरूच नका. गोल्डफिश सहा घेतले, ४० ला एक, २४०. इथे घाई केली. क्लोरीन उडून जावं म्हणून पाणी दोन दिवस ठेवलं होतं, पण फिल्टरमध्ये माशांची घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला महिना-सव्वा महिना लागतो हे माहीत असून, लेकीच्या हट्टापायी, आठव्या दिवशी सोडले. दोन पहिल्याच आठवड्यात गेले. तीन खंड्याने नेले. आम्ही जाळी उघडी ठेवून चहा प्यायला बसायचो आणि तो समोरच्या वायरवर बसून आमच्याकडे बघत असायचा, निळाशार, चॉकलेटी डोक्याचा, इतका देखणा की राग पण येईना. राहिला एक. लेकीने त्याचं नाव शिल्लक ठेवलंय.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री अकराला तळं भरून वाहायला लागलं आणि पाणी सरळ स्वयंपाकघराच्या दाराकडे. काठ लेव्हलला आणला होता ना, त्यामुळे ते चारही बाजूंनी सारखंच वाहिलं. दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात काठाखालून दोन इंची पाईप टाकून पाणी अळूकडे सोडलं, ६०० रुपये. त्यात टेम्पोचं भाडं दोन वेळचं ११०० धरा आणि बेरीज करा, मी तीनदा केलीये, २२,५०० च येते.

मग एका रविवारी ऑफिसच्या सवयीने खर्चाचे हेड, म्हणजे गट, पाडून बघितले. ज्याला आपण तळं म्हणतो, म्हणजे कागद, वाळू, झाडं आणि मासे, ते सगळं मिळून बरोब्बर तीन हजार. उरलेले साडेएकोणीस खड्डा, माती, काठ, पंप-फिल्टर, वायर, जाळी, पाईप, भाडं यांचे. मी बजेट केलं होतं ते व्हिडिओत जे दिसतं त्याचं.

महिन्याचा खर्च विचाराल तर पंप चोवीस तास चालतो, बंद ठेवला तर फिल्टरमधले जिवाणू मरतात. ३५ वॅट, महिन्याला २५ युनिट. ऐकायला थोडे, पण आमचं मीटर आधीच शंभराच्या पुढच्या स्लॅबमध्ये असल्यामुळे बिल तीनेकशेनं वाढलं. उन्हाळ्यात पाणी उडतं ते वेगळं. एक चौरस मीटरवरून एक मिलिमीटर उडालं की एक लिटर, आमचं तळं साडेचार चौरस मीटरचं, मे महिन्यात मी काठावर पेन्सिलने खूण करून मोजलं तर दिवसाला सात मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तीस लिटर, दोन बादल्या.

गणपतीत सासूबाईंनी विचारलं होतं, शाडूचाच आहे, विसर्जन इथेच करू या का. त्यांना नाही म्हणायला मला दोन दिवस लागले. शाडू म्हणजे मातीच, अख्खं पाणी दुधाळ झालं असतं आणि पंप जाम. शेवटी तळ्याच्या काठावर मोठी बादली ठेवून त्यात विसर्जन केलं, आरती तळ्यासमोर झाली, सगळे खूष. पाणी नंतर पारिजातकाला.

माशांच्या खाण्याचा डबा ६० रुपयांचा, शिल्लकला दोन महिने सहज पुरतो, दिवसातून एकदा चिमूटभर, त्याहून जास्त नाही असं मी डब्यावर मार्करने लिहून ठेवलंय. सासूबाई रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की पदराआड पोळीचा तुकडा घेऊन मागच्या दाराने जातात. तो हिशोबात धरलेला नाही.